साखरझोपेचा हिशेब

मराठीत स्वप्न ‘पडते’. पाऊस पडतो, प्रश्न पडतो, भूल पडते, तसेच स्वप्न पडते. ‘मला स्वप्न पडले’ या वाक्यात मी काहीच करत नाही. जे घडते ते माझ्यावर येऊन घडते आणि मी नुसता त्याचा धनी होतो. ‘मी मोठे होण्याचे स्वप्न पाहिले’ या वाक्यात मात्र मी कर्ता आहे. तेथे स्वप्न म्हणजे बेत, महत्त्वाकांक्षा, ठरवून डोळ्यांपुढे ठेवलेले ध्येय. ‘पाहणे’ हे क्रियापद काही नवे नव्हे. संस्कृतातही स्वप्न पाहतातच. पण आजच्या मराठीत या दोन क्रियापदांनी आपसांत कामाची वाटणी करून घेतली आहे. रात्रीचे स्वप्न पडते, दिवसाचे स्वप्न पाहिले जाते.

कोणतेही वर्तमानपत्र उघडा, दिवसाच्या स्वप्नांचा सुकाळ दिसेल. स्वप्नातले घर, स्वप्नातली गाडी, स्वप्नपूर्तीसाठी सुलभ हप्त्यांत कर्ज. शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे मुलांना मोठी स्वप्ने पाहायला सांगतात. त्यातल्याच एखाद्या मुलाने सकाळी उठून ‘रात्री मला एक स्वप्न पडलं’ असे म्हटले, तर घरातून उत्तर येते, ‘आधी दात घास, बस चुकेल.’

या लेखाचा विषय हे उत्तर आहे. स्वप्न हा शब्द ज्या समाजाच्या इतका तोंडी बसला आहे, त्या समाजाने प्रत्यक्ष स्वप्नाची विचारपूस करणे का सोडले? याचे ठरावीक उत्तर आपण सगळेच देतो, की समाज भौतिकवादी झाला, माणसे पैशाच्या मागे लागली, अंतर्मनाकडे पाहायला कुणाला वेळ आहे? या उत्तरात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे, आणि त्याचा नेमका कोणता अर्धा भाग खरा हे तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मी विद्यापीठातला अभ्यासक नव्हे. हिशेबनिसाची नोकरी करता करता गेली वीसेक वर्षे झोप आणि स्वप्न या विषयांवर जे हाती लागेल ते वाचत आलो आणि उशाशी एक वही ठेवून स्वतःची स्वप्ने टिपत आलो. नोकरीची सवय म्हणा, पण एखादी रक्कम खात्यात दिसेनाशी झाली की ती कुणी खाल्ली असा आरोप करण्याआधी ती कोणत्या पानावर गळली हे शोधावेसे वाटते. स्वप्नाच्या बाबतीतही मी तेच करून पाहिले.

जडवादावरचा आळ

‘भौतिकवाद’ या शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधतो. एक तत्त्वज्ञानातला जडवाद. जे आहे ते सारे द्रव्यच आहे, मनही मेंदूचेच कार्य आहे, असे तो म्हणतो. दुसरा व्यवहारातला भोगवाद. ज्याची किंमत करता येते, जे विकत घेता येते, तेवढ्यालाच तो मोल देतो. स्वप्नांच्या हेळसांडीचा दोष सहसा पहिल्याच्या माथी मारला जातो. विज्ञानाने स्वप्नाला मेंदूतला केरकचरा ठरवले आणि म्हणून माणसांचा त्यावरचा विश्वास उडाला, असे म्हणतात.

इतिहास पाहिला तर हा आळ टिकत नाही. आधुनिक विवेकवादाचा जनक मानला जाणारा देकार्त याच्या चरित्रात १० नोव्हेंबर १६१९ च्या रात्रीला मोठे महत्त्व आहे. त्या रात्री त्याला ओळीने तीन स्वप्ने पडली आणि आपल्याला ज्ञानाची नवी पद्धत रचायची आहे, असा कौल त्याने त्यांतून घेतला. पुढे १६४१ च्या ‘मेडिटेशन्स’मध्ये याच देकार्तने स्वप्नाचा उपयोग संशयासाठी केला. मी आत्ता जागा आहे हे तरी कशावरून, असे त्याने विचारले. पण त्याने स्वप्नाकडे पाठ फिरवली असे म्हणता येणार नाही.

विसाव्या शतकात तर जडवादी विज्ञानाने स्वप्नासाठी जेवढी यंत्रे आणि जेवढ्या रात्री खर्ची घातल्या, तेवढ्या आधीच्या कोणत्याही संस्कृतीने घातल्या नसतील. फ्रॉइडचा स्वप्नांवरचा ग्रंथ १८९९ च्या अखेरीस बाजारात आला, त्यावर साल मात्र १९०० छापले होते. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या सहाशे प्रती खपायला आठ वर्षे लागली. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांना दिसले, की झोपेत ठरावीक अंतराने मिटल्या पापण्यांआड डोळे वेगाने हलू लागतात. अशा वेळी माणसाला उठवले तर बहुतेकदा तो स्वप्न सांगतो. १९६६ मध्ये हॉल आणि व्हॅन द कॅसल यांनी दोनशे विद्यार्थ्यांची प्रत्येकी पाच, अशी एक हजार स्वप्ने घेऊन त्यांत कोण येते, काय घडते, कोणती भावना असते याची मोजदाद केली. १९७७ मध्ये हॉब्सन आणि मॅककार्ली यांनी स्वप्नाचे मूळ मेंदूच्या देठातून निघणाऱ्या संदेशांत आहे आणि वरचा मेंदू त्यांची जमेल तशी गोष्ट जुळवतो, असे मत मांडले. हे मत अनेकांना रुक्ष वाटले. पण ज्याच्यावर माणसे चाळीस-पन्नास वर्षे भांडतात, त्याची त्यांनी उपेक्षा केली असे कसे म्हणावे?

उलट बाजूने पाहा. जुना श्रद्धाळू समाज प्रत्येक स्वप्नापुढे मान तुकवत होता, हीही समजूत खरी नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. जे पाहिले, ऐकले, अनुभवले, ज्याची इच्छा धरली आणि ज्याची कल्पना केली, त्यातून पडणारी पहिली पाच प्रकारची स्वप्ने वैद्याने निष्फळ समजावीत, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. दिवसा पडलेली, फार छोटी आणि फार लांबलेली स्वप्नेही त्याच गठ्ठ्यात टाकली आहेत. उरतात दोन. पुढे घडणाऱ्याची चाहूल देणारे भाविक, आणि शरीरातल्या वातपित्तादी दोषांमुळे पडणारे दोषज. म्हणजे सातांतील पाच प्रकार आपल्या प्राचीन वैद्यानेच बाद केले होते. मात्र बाद करण्याआधी तो रुग्णाचे स्वप्न ऐकून घेत होता. फरक येथे आहे.

आपल्या म्हणीत तर चरकाच्या पाच प्रकारांचा सारांशच आला आहे : मनी वसे ते स्वप्नी दिसे. हॉल आणि त्याच्या नंतरच्या संशोधकांनी हजारो स्वप्ने मोजून काढलेला निष्कर्ष याहून फार वेगळा नाही. स्वप्नात राक्षस आणि उडते घोडे थोडे असतात. आई, भाऊ, जुने घर, हुकलेली गाडी, न झालेला अभ्यास, हीच मंडळी पुष्कळ. जागेपणी ज्याची काळजी असते तेच रात्री वेष बदलून येते, आणि त्यात सुखापेक्षा अडचणींचा भरणा जास्त असतो. विज्ञान आणि म्हण यांचे येथे भांडण नाही.

मग गळती कोणत्या पानावर आहे? माझ्या मते स्वप्नाला जगायला तीन गोष्टी लागतात : आपोआप संपणारी झोप, ऐकणारे माणूस आणि ते सांगायची भाषा. आधुनिक अर्थव्यवहाराने या तिन्ही गोष्टी एकामागून एक काढून घेतल्या. स्वप्न खोटे आहे हे कुणी सिद्ध केले नाही. त्याला राहायला जागाच उरली नाही.

पहाटेचे स्वप्न

पहाटेच्या गोड झोपेला मराठीत ‘साखरझोप’ असा स्वतंत्र शब्द आहे. हा शब्द ज्यांनी घडवला त्यांना झोपेचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांचे निरीक्षण पक्के होते. झोप एकसारखी नसते. साधारण दीड तासाचे एक, अशी तिची आवर्तने रात्रभर चालतात. सुरुवातीच्या आवर्तनांत गाढ झोप जास्त आणि डोळे हलण्याची, म्हणजे दाट स्वप्नांची अवस्था अवघी काही मिनिटांची. रात्र सरत जाते तशी गाढ झोप कमी होते आणि स्वप्नावस्था लांबत जाते. पहाटेच्या सुमारास ती अर्ध्या तासाचीही असू शकते. एकूण झोपेच्या सुमारे पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी ही अवस्था असते, पण तिचा मोठा वाटा शेवटच्या दोन-तीन तासांत पडतो. इतर वेळीही स्वप्ने पडतात, मात्र एवढी भरगच्च आणि चित्रमय सहसा नसतात.

हिशेब सोपा आहे. आठ तास झोपणारा माणूस सहा तासांनी उठला तर त्याची झोप पावपट कमी होते, स्वप्ने मात्र त्याहून कितीतरी अधिक जातात. तोटा सरळ प्रमाणात होत नाही, कारण तो नेमका साखरझोपेतून वळता होतो.

‘पहाटेचे स्वप्न खरे होते’ असे आपल्याकडे म्हणतात. स्वप्नफलाच्या जुन्या ग्रंथांतही रात्रीच्या पहिल्या प्रहरातल्या स्वप्नाचे फळ वर्षाने आणि पहाटेच्या स्वप्नाचे लवकर मिळते, अशी चढती भाजणी असते. फळाचा भाग बाजूला ठेवू. पहाटेचे स्वप्न वेगळे असते, ते अधिक ठळक असते आणि आठवते, हे निरीक्षण मात्र बावनकशी आहे.

आठवण्याचा मुद्दाही महत्त्वाचा. दाट स्वप्नावस्थेत मेंदूतल्या नॉरअॅड्रेनालिन या रसायनाचा पुरवठा जवळजवळ थांबलेला असतो. आठवण पक्की बसायला जी रसायने लागतात त्यांतले हे एक. त्यामुळे स्वप्न मुळातच कच्च्या शाईने लिहिलेले असते. जाग आल्यावर दोन-चार मिनिटे स्वस्थ पडून राहिले तर ते हाती लागते. दचकून उठलो आणि दुसऱ्या कामात मन गेले की पुसले जाते. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाची गोष्ट प्रसिद्ध आहे. एका रात्री त्याला झोपेत एका प्रयोगाची कल्पना सुचली, त्याने अर्धवट झोपेत ती कागदावर खरडली आणि सकाळी स्वतःचेच अक्षर त्याला लागेना. दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी तो तडक प्रयोगशाळेत गेला आणि बेडकांच्या हृदयांवर प्रयोग केला. मज्जातंतूंचे निरोप रसायनातून पोहोचतात हे त्यातून दिसले आणि १९३६ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ही गोष्ट सांगताना सगळे पारितोषिकावर थांबतात. मला त्यातली पहिली सकाळ अधिक बोलकी वाटते, कारण आपल्यापैकी बहुतेकांची रोजची सकाळ तशीच असते.

भोंगा आणि घड्याळ

झोपेचा शेवट कुणी ठरवायचा, हा प्रश्न औद्योगिक काळात अर्थशास्त्राचा झाला. इंग्लंडच्या गिरणगावांत कामगारांना उठवण्यासाठी पगारी माणसे असत. लांब काठीने ते वरच्या मजल्यावरच्या खिडकीच्या काचेवर टकटक करत आणि आतला माणूस उठल्याची खात्री झाली की पुढच्या घरी जात. मुंबईत हे काम गिरणीच्या भोंग्याने केले.

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. सुरुवातीच्या काळात गिरण्या साधारण उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. कामाचा दिवस लांब होता, तरी त्याला सूर्याची हद्द होती. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि ती हद्द पुसली गेली. कामाचे तास इतके वाढले की कायदा करावा लागला. कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी १९११ च्या कायद्याने घातलेली मर्यादा होती दिवसाला बारा तास. १९२२ मध्ये ती अकरा झाली, १९३४ मध्ये दहा आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने नऊ. त्यातच पाळ्यांची पद्धत रुळली. रात पाळीच्या माणसाने दुपारी, चाळीच्या कलकलाटात, आळीपाळीने वापरायच्या खोलीत झोपायचे. त्याची साखरझोप कोणत्या वेळी येत असेल?

घड्याळाचेही तेच. १ जानेवारी १९०६ पासून देशात एकच प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती. शहराने या बदलाला कडवा विरोध केला आणि महापालिकेने मुंबईची वेळ १९५५ पर्यंत चालवली. आज हा वाद हास्यास्पद वाटतो. पण सूर्य पाहून उठणाऱ्याला एकोणचाळीस मिनिटे आधी उठायला सांगितले तर ती मिनिटे जातात कुठून? रात्रीच्या शेवटच्या टोकातून.

या संदर्भात नारायण मेघाजी लोखंडे यांचे मोल वेगळे जाणवते. गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळावी म्हणून त्यांनी लढा दिला आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मान्य झाली. सुटीचे हक्क म्हणून जे मोल आहे ते आहेच, पण त्या लढ्याने कामगाराला आठवड्यातली एक साखरझोपही परत मिळवून दिली. माझ्या वहीतल्या रविवारच्या नोंदी इतर वारांपेक्षा नेहमीच लांब आहेत.

येथे एक सावधगिरी हवी. पूर्वी सगळे शांत झोपत आणि स्वप्ने पाहत, असे रम्य चित्र काढण्याचा मोह होतो. टांझानियातले हाड्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने या समाजांच्या झोपेचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वीज नसताना ही माणसे किती झोपत होती? सरासरी पावणेसहा ते सात तास. शहरी माणसापेक्षा जास्त नव्हेच. आणि आपल्याकडे तरी पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईच्या वाट्याला साखरझोप कधी आली? साखरझोप पूर्वीही सर्वांना परवडत नव्हती. तरी फरक आहे. त्या तिन्ही समाजांत गजर नव्हता. पहाटेचा गारवा वाढत जाई आणि बहुतेकांना आपोआप जाग येई. तास तेवढेच असले तरी झोपेचा शेवट झोपेच्याच हाती होता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा नकळत याचा एक प्रचंड प्रयोग होऊन गेला. कचेऱ्या बंद, गाड्या बंद, गजर बंद. निरनिराळ्या देशांत केलेल्या पाहण्यांत लोकांनी सांगितले, की आपल्याला अधिक स्वप्ने आठवू लागली आहेत. त्यात भीतीचा वाटा होताच. पण पहाटेची लांबलेली झोप हेही कारण संशोधकांनी नोंदवले. भौतिकवादी समाज एका महिन्यात अध्यात्माकडे वळला नव्हता. त्याला फक्त सकाळी कुणी उठवत नव्हते.

ऐकणारे माणूस

स्वप्न आठवले तरी ते सांगायला कुणीतरी लागते. आपल्या परंपरेत स्वप्न ही सामाजिक गोष्ट होती. हरिश्चंद्राने स्वप्नात विश्वामित्राला राज्य दान केले आणि जागा झाल्यावर ते शब्द पाळले, ही कथा कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. उषेने स्वप्नात पाहिलेला तरुण कोण हे शोधण्यासाठी तिची सखी चित्रलेखा एकेक चित्र काढून दाखवते आणि अनिरुद्ध सापडतो. या कथेत नायिकेइतकीच सखी महत्त्वाची आहे. ‘असलं काही नसतं’ असे म्हणून ती निघून गेली असती, तर कथाच घडली नसती. वाईट स्वप्नासाठीही सोय होती. ऋग्वेदात दुःस्वप्न दूर सारणारी सूक्ते आहेत आणि गजेंद्रमोक्षाच्या पठणाचे एक फळ दुःस्वप्ननाश हेच सांगितले आहे. स्वप्नाने घाबरलेल्या माणसाला ‘हे कर’ असे सांगणारे कुणीतरी जवळ होते.

स्वप्नाचे आणखी एक सामर्थ्य मराठी संतपरंपरेत दिसते. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि त्यांनी आपल्याला कवित्व करण्यास सांगितले, असे तुकोबा स्वतःच्या अभंगात सांगतात. गुरुमंत्रही त्यांना स्वप्नातच मिळाला. बहिणाबाईंवर तुकोबांची कृपा झाली तीही स्वप्नात, त्या कोल्हापुरात असताना. हा योगायोग नसावा. शूद्र मानल्या गेलेल्या वाण्याला आणि ब्राह्मणाच्या घरातल्या बाईला त्या काळच्या कोणत्या पीठाने अधिकारपत्र दिले असते? स्वप्न कुणाच्या परवानगीने पडत नाही. तेथे मंबाजीची सही लागत नाही. पण त्या स्वप्नाला समाजात किंमत होती, ऐकणारे होते, म्हणूनच त्यातून अधिकार उभा राहू शकला.

आज ऐकणाऱ्याच्या जागी कोण आहे? एका बाजूला स्वप्नफलाची चोपडी : साप दिसला तर अमुक, दात पडला तर तमुक. दुसऱ्या बाजूला असल्या चोपड्यांना रास्तपणे हसणारा सुशिक्षित. दोघांचे पटत नाही, पण दोघांचा प्रश्न एकच आहे : हे खरे होईल का? एक म्हणतो होईल, दुसरा म्हणतो नाही. हे स्वप्न कुणाला पडले, त्याच्या आयुष्यात सध्या काय चालले आहे, असे दोघेही विचारत नाहीत. भविष्य सांगणे हा स्वप्नाचा एकच उपयोग गृहीत धरला, की तो उपयोग खोटा ठरताच स्वप्न टाकाऊ होते.

व्यवहारातल्या भोगवादाचा दोष येथे खरोखर दिसतो. ज्याची किंमत येत नाही ते त्याच्या खात्यावर चढतच नाही. मुंबईत मटक्याचा धंदा १९६० च्या दशकात फोफावला. त्याचे मूळ न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावांवर लागणाऱ्या पैजांत होते. त्या काळात गिरणगावात स्वप्नाची आस्थेने चौकशी करणारा एक इसम हमखास भेटे : आकडा लावणारा. स्वप्नात काय दिसले, किती दिसले, त्यावरून ओपन काय लावावे हे ठरे. कापसाच्या गिरणीने ज्याची साखरझोप काढून घेतली, त्याच्या उरल्यासुरल्या स्वप्नाला कापसाच्याच जुगाराने भाव दिला. ‘स्वप्नातले घर’ विकणारी आजची जाहिरात याच वाटेवरची पुढची पायरी आहे. जेम्स ट्रस्लो अॅडम्स याने १९३१ च्या आपल्या पुस्तकातून ‘अमेरिकन ड्रीम’ हा शब्दप्रयोग रूढ केला. पुढे जगभर स्वप्न या शब्दाचा ध्येयाशी लागलेला अर्थ वाढत गेला आणि रात्रीचा अर्थ कोपऱ्यात सरकला. भाषाही अशी हातची गेली.

तोट्याची बाजू

यात बिघडले काय, असे कुणी विचारील. स्वप्ने आठवली नाहीत म्हणून कुणाचे पोट अडत नाही. मला दोन ठिकाणी खरा तोटा दिसतो.

पहिला शरीराचा. दाट स्वप्नावस्थेत आपले स्नायू जवळपास लुळे पडलेले असतात, म्हणून स्वप्नात धावलो तरी पाय हलत नाहीत. काहींच्या बाबतीत हा बंध सुटतो. ते झोपेत ओरडतात, गुद्दे मारतात, पलंगावरून पडतात. आणि उठवले तर कुणीतरी आपल्यावर धावून येत होते असे सांगतात. अमेरिकेत शेंक आणि महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. पुढे असे आढळले, की दुसरे कारण नसताना उतारवयात हा त्रास सुरू झालेल्यांपैकी बहुसंख्यांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच जातीचा स्मृतिभ्रंश होतो. झोपेत बडबडणाऱ्या प्रत्येकाला हा विकार असतो असे नाही, तो तपासून ठरवावा लागतो. पण तपासायला नेण्यासाठी आधी घरातल्या कुणीतरी ‘रात्री काय दिसलं होतं?’ असे विचारावे लागते. चरकाच्या ‘दोषज’ या प्रकाराची मला येथे आठवण होते. तपशील पूर्ण वेगळे आहेत, पण आजाराची चाहूल स्वप्नातून लागू शकते आणि वैद्याने ते विचारावे, ही दृष्टी तीच. वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांवरही आज साधे उपचार आहेत. ते स्वप्न जागेपणी लिहून काढायचे, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि रोज काही मिनिटे त्याची मनात उजळणी करायची. अनेकांना याने आराम पडतो. भीती लपवणाऱ्याला हे सुचवणार कोण?

दुसरा तोटा समाजाचा. शार्लोट बेराट ही बर्लिनमधली पत्रकार. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर तिने ओळखीच्या माणसांना, शिंपिणीला, शेजाऱ्याला, दूधवाल्याला त्यांची स्वप्ने विचारायला सुरुवात केली. सुमारे तीनशे स्वप्ने तिने सांकेतिक भाषेत टिपली, पुस्तकांच्या बांधणीत लपवली आणि पत्रांतून देशाबाहेर पाठवली. १९३९ मध्ये ती स्वतः बाहेर पडली. संग्रह प्रसिद्ध व्हायला १९६६ उजाडले. त्यात एक कारखानदार आहे. सत्ताबदलानंतर तिसऱ्याच दिवशी त्याला स्वप्न पडते, की गोबेल्स आपल्या कारखान्यात आला आहे आणि कामगारांसमोर सलामीसाठी हात वर करायला आपल्याला अर्धा तास लागतो आहे. एक डॉक्टर आहे. आपल्या घराच्या भिंती अचानक नाहीशा झाल्या आहेत असे त्याला १९३४ मध्ये दिसते. जागेपणी जे बोलायची कुणाची छाती नव्हती, ते ही माणसे झोपेत पाहत होती. इतिहासाच्या कोणत्याही सरकारी दप्तरात ही नोंद मिळाली नसती.

आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ झाला, १९८२ चा गिरणी संप झाला, १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला. खडी फोडणाऱ्या बाईला त्या वर्षी रात्री काय दिसत होते? संप लांबत गेला तेव्हा कामगाराच्या स्वप्नात भोंगा वाजत होता का? ढिगाऱ्यातून वाचलेल्या मुलाने छपराखाली झोपताना काय पाहिले? आपण धान्याचे, दिवसांचे, मृतांचे आकडे जपले आणि ते जपलेच पाहिजेत. पण ही दुसरी नोंद ज्यांच्याजवळ होती ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. ती आहेत तोवर कुणीतरी त्यांच्याजवळ बसायला हवे.

त्यासाठी विद्यापीठ लागत नाही, यंत्र लागत नाही आणि स्वप्नाचा अर्थ सांगता यावा ही अटही नाही. अर्थ सांगण्याची घाई केली की सांगणारा गप्प होतो, हा माझा अनुभव आहे. रविवारी सकाळी गजर न लावता उठावे, दोन मिनिटे डोळे मिटून पडून राहावे, जे हाती लागेल ते वहीत उतरवावे. घरातले मूल किंवा म्हातारे माणूस स्वप्न सांगू लागले, तर चहाचा कप हातात घेऊन समोर बसावे. मध्येच ते थांबले तर ‘मग?’ एवढे विचारावे. हा खर्च कोणत्याही घराला परवडेल असा आहे.